पदरातली पुडी आणि डॉक्टरांचं बोट

ती घटना आठवली की आजही माझं बोट आपोआप उजव्या बरगडीवर जातं. तेव्हा मी ठाण्याला फौजदार होतो आणि माणूस बघताक्षणी ओळखतो, अशी माझी ठाम समजूत होती.

एका दुपारी मिठागरावरचा एक मजूर धापा टाकत चौकीवर आला. त्याचा थोरला भाऊ जेवता जेवता पोट धरून कोसळला होता.

"वयनीनं भातान पांढरी पूड टाकली साहेब. मी डोल्यांनी बघितली," तो म्हणाला.

भावाला बैलगाडीतून इस्पितळात हलवलं होतं. मी झोपडीचा पंचनामा केला. उरलेला भात आणि सुक्या मासळीचं कालवण ताब्यात घेतलं. बाईच्या पदराच्या गाठीत पांढरी पूड बांधलेली पुडीही सापडली. त्या काळी सोमल हे पांढरं विष घालून माणसं मारल्याची प्रकरणं आमच्याकडे यायचीच. मी बाईला कोठडीत घातलं.

"पूड कसली?" मी विचारलं. ती गप्प. मी आवाज चढवला, हवालदाराने वेत आपटला, फाशीची भीती घालून झाली.

"ते बरे झाले म्हंजे सांगन," एवढंच ती म्हणाली.

"चोराच्या मनात चांदणं," मी हवालदाराला म्हणालो आणि नवऱ्याचा जबाब घ्यायला इस्पितळात गेलो.

तिथले डॉक्टर शांत स्वभावाचे होते. "सोमल खाल्लेला माणूस तळमळतो, ओकतो," ते म्हणाले. "हा पापणीशिवाय काही हलवत नाही. पोट फळीसारखं ताठ झालंय." मग त्यांनी डाव्या हाताचं बोट रोग्याच्या उजव्या बरगडीवर टेकवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकलं. रिकाम्या मडक्यासारखा आवाज आला. तसंच त्यांनी माझ्या बरगडीवर ठोकलं. आवाज बद्द आला.

"इथे यकृत असतं, भरीव. म्हणून तुमचा आवाज बद्द. याच्या जठराला भोक पडलंय. आतला वारा बाहेर सुटून यकृतावर चढलाय. हे जुनं दुखणं आहे, फौजदार. विष नव्हे."

"वाचेल?"

"नाही. अफू देऊन कळ कमी करतो, बस. बायकोला आणा, तो तिलाच बोलावतोय."

"चार टिचक्यांवर आरोपी सुटत नाही, डॉक्टर. लेखी द्या."

"खात्रीचं लेखी पोट उघडल्यावरच देता येईल," ते म्हणाले.

मी तसाच परतलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

शवविच्छेदनाला मी हजर होतो. जठरात मसुराच्या दाण्याएवढं भोक होतं, कडा जुन्या जखमेसारख्या घट्ट झालेल्या. कुऱ्हाडीने तोडलेली प्रेतं मी न डगमगता पाहिली होती. ते एवढंसं भोक पाहिल्यावर मात्र मी लेखी अहवालासाठी थांबलो नाही, तडक चौकीवर गेलो.

कोठडी मी स्वतः उघडली आणि नवरा दुखण्यानं गेल्याचं तिला सांगितलं.

"आता सांगू, साहेब?" ती म्हणाली. "शिंपल्यांची राख व्हती. वरीसभर त्यांचा पोट दुखं. वैदूनं दिली. जेवनान गुपचूप घाल, बरा होईस्तवर कोनाला बोलू नको म्हनला. बोलला तं गुन जातो. म्हनून मी तोंड नाय उघडला."

राखेने काही वाईट झालं का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. "झाला असेल तर थोडा आरामच," ते म्हणाले.

पुढे पुष्कळ वर्षं नोकरी झाली. कोणी गप्प बसलं की मी आधी विचारू लागलो, "कोणासाठी गप्प आहेस?" बऱ्याचदा त्या एका प्रश्नाने काम झालं. त्या बाईला मात्र मी तो विचारला नव्हता. नवरा जगावा म्हणून ती फाशीलाही भ्यायली नाही आणि मी एका कागदासाठी तिला त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही. कोठडीपासून इस्पितळ हाकेच्या अंतरावर होतं.