नऊशे दिव्यांचं तोंड

माझा मामा दुकानांच्या पाट्यांमध्ये दिवे बसवतो. दिवा लागला की त्याला उलटा हात टेकवतो, आईने तापलेल्या पोराच्या कपाळाला टेकवावा तसा, आणि निदान सांगतो, "बरा आहे," नाहीतर "कसकस आहे याला." घरात फ्रिज, मिक्सर, आलेला पाहुणा, कुणाचीच यातून सुटका नाही.

मामी सुपरमार्केटात चार नंबरच्या काउंटरवर बसते. तिच्या बरोबर डोक्यावर टांगायला दुकानाने एक शिल्प करून घेतलं, बारा फुटी उघडं तोंड. खाऊची नऊशे रिकामी पाकिटं, प्रत्येकात एक पिवळा बल्ब. खाली कुठल्याही काउंटरवर एक वस्तू 'पीं' झाली की वर एक दिवा लागणार, दहा मिनिटं राहणार.

"आपण खातो, की आपल्यालाच कुणी खातंय?" शिल्पकारबाई प्रत्येक शब्दानंतर श्वास घ्यायच्या. "माणसाने इथे थांबलं पाहिजे, दादा."

"थांबेल की. रांग असतेच तिथे," मामा म्हणाला. त्याने न तापणारे एलईडी दिवे सुचवले, तर बाईंना त्यांच्या पांढऱ्या उजेडात अन्न आजारी दिसायला लागलं. मग दहा मिनिटांत फार तर तीनशे वस्तू होतील, या हिशेबाने त्याने तार ओढली, एका वेळी तीनशे दिव्यांची.

पाकिटं धुवायला घरी आली. मामीने ती धुतली, वाळवली, पण तेज काही येईना. मामीकडे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, तेलाचा हात. तवा, कुरकुरणारी कडी, बॅगेचं कुलूप, माझे केस. दोन दिवसांत तिने नऊशेच्या नऊशे आतून-बाहेरून पुसली. मामाला सांगितलं नाही. रोजच्या सवयीची बातमी कोण देतं?

शनिवारी सेल सुरू झाला. तासाभरात दुकानभर गरम तेलाचा वास सुटला, रांगेतली माणसं हुंगायला लागली.

"काहीतरी तळतायत वाटतं."

"अहो, आत्ता तर जेवलो."

"आत्ता म्हणजे मघाशी."

टोपलीत आणखी दोन पाकिटं. पीं, पीं. वर आणखी दोन दिवे, वास आणखी दाट, भूक आणखी मोठी.

मामा शिडीवर चढला, हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. हात चकचकत होता. त्याने वास घेतला. तो वास त्याच्याच स्वयंपाकघरातला होता.

जेवणाच्या सुट्टीत त्याने मामीला गाठलं. "पाकिटांना तेल लावलंस?"

"हाताला होतं तेवढंच. का हो, डाग पडले?"

मामा मॅनेजरकडे गेला. हा माणूस नाकातून बोलतो आणि प्रत्येक वाक्याला 'काय आहे' जोडतो. "काय आहे, लोकांना वास आवडतोय. ज्याने आणला त्याला बक्षीस देईन मी."

"साहेब, तार तीनशेची आहे आणि सहाशे दिवे जळतायत. पाकिटांना तेल आहे. पेट घेईल ते."

"काय आहे, तार बदला मग."

"तार बदलून तेल जाईल का?"

रविवारी दुपारी, गर्दी ऐन भरात असताना, मामाने मेन स्विच खाली ओढला. तोंड विझलं. काउंटर बॅटरीवर चालतात, ते पीं-पीं करत राहिले. अंधारात एकही माणूस हलला नाही. सगळे टोपल्या धरून वर बघत होते. मागून कुणीतरी शांतपणे विचारलं, "परत कधी लागणार ते?"

मामाला काढलं. नव्या माणसाने जाड तार घातली. आता नऊशेही एकदम जळू शकतात.

"सोड ती नोकरी," मामा म्हणाला.

"तुमची गेली. आता माझीही घालवू?"

"डोक्यावर काय टांगलंय माहितीये ना तुला?"

"मीच पुसलंय ते. मला नाही तर कुणाला माहिती?" मामी म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती स्टुलाखाली ओला टॉवेल ठेवायला लागली.

मामा आता रोज चार नंबरच्या रांगेत उभा असतो. काही घेतल्याशिवाय उभं राहू देत नाहीत, म्हणून हातात बिस्किटाचा पुडा. नंबर आला की मामी गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारते, "पिशवी हवी?" तो उलटा हात तिच्या कपाळाला टेकवतो.

"आहे का ताप?"

"कालच्यापेक्षा जास्त."

पीं. वर एक दिवा वाढतो. मामा नवा पुडा उचलून पुन्हा रांगेच्या शेवटी. घरात पुड्यांची भिंत झालीये, कुणी खात नाही.

काल मी त्याच्या मागेच उभी होते. वरून एक थेंब मामीच्या मनगटावर पडला, कोमट, पिवळा. तिने वर बघितलं नाही. काउंटरचा खण कधीपासून कुरकुरत होता. तिने थेंब बोटावर घेतला आणि खणाच्या कडेला चोळला.