फाटकावरच्या राख्या

जीजीने आमच्या घराची बेल कधी वाजवली नाही. उजव्या मुठीची कड ती दारावर दोनदा आपटायची. धप्, धप्. सांगानेरच्या कारखान्यात कापडावर लाकडी ठसा ठेवला की त्याच्यावर अशीच मूठ मारतात. तीस वर्षं मारून तिची ती कड टाचेसारखी कठीण झाली होती. आई आतूनच म्हणायची, "जीजीच ती. दार मोडायच्या आत उघड गं."

जयपुरात थोरल्या बहिणीला जीजी म्हणतात. छापील चादरींचं गाठोडं घेऊन येणाऱ्या या बाईला आमची सगळी कॉलनी जीजी म्हणायची. कोणी घासाघीस केली की ती डोळे मोठे करायची. "बहन से मोल-भाव? इस चादर में नींद नहीं आएगी, देख लेना." मी पडद्याआडून ऐकायची. बोलताना माझं मराठीसुद्धा अडखळायचं आणि इंग्रजी फक्त कागदावर चालायचं.

त्या इंग्रजीसाठीच एकदा ती कारखान्याच्या मुनीमजींना घेऊन आली. कारखान्याच्या मालकाच्या, शेठजींच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि जीजीची जुळली होती. राखीपौर्णिमा लांब होती, तरी शेठजींनी तिच्याकडून राखी बांधून घेतली होती. "आज से तेरे घर की बीमारी मेरी," असं चारचौघांत म्हणाले होते. आता मुंबईच्या हॉस्पिटलसाठी इंग्रजी अर्ज हवा होता, कारण तिथे सख्ख्या नात्यातल्याच माणसाची किडनी घेत. 'धरम की बहन'ला, म्हणजे मानलेल्या बहिणीला, इंग्रजीत काय म्हणावं, मला सुचेना.

"धरम-वरम की अंग्रेज़ी नहीं होती, बेबीजी," मुनीमजी म्हणाले. "सिस्टर लिख दो."

मी लिहिलं. अक्षर सुंदर काढलं. जीजीने खाली अंगठा उठवला आणि हसली, "लो, यह भी छाप दिया."

दोन वर्षांनी तिच्या सख्ख्या भावाच्या, बन्सीच्या, किडन्या गेल्या. द्यायला जीजीजवळ आता एकच उरली होती, आणि ती घ्यायला डॉक्टर तयार होईनात. दुसरं कोणी शोधा, बन्सीला मुंबईला पाठवा, एवढं सांगायला ती शेठजींच्या सी-स्कीममधल्या बंगल्यावर गेली. चौकीदार आत जाऊन निरोप घेऊन आला, "सेठजी की कोई बहन नहीं है."

बन्सी सरकारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच वारला. शेठजी तेव्हा रोज सकाळी बागेत तीन फेऱ्या मारत होते, जीजीच्या किडनीवर. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांच्या घरात मराठी वाचणारं कोणी नाही, याचं मला वाईट वाटतं.

जीजी रडली नाही. त्या वर्षीच्या राखीपौर्णिमेला, पाहुण्यांच्या गाड्या लागल्या असताना, तिने बंगल्याच्या लोखंडी फाटकावर मूठ आपटली. "भाई से कहो, बहन आई है. आधी तो अंदर ही बैठी है!" फाटक उघडलं नाही, तेव्हा तिने राखी सळईला बांधली. चौकीदार सोडायला आला तर म्हणाली, "बहन की बाँधी राखी है. तोड़, और भुगत." त्याने हात मागे घेतला. अपशकुनाच्या भीतीने शेठाणींनीही ती कोणाला काढू दिली नाही.

मग दरवर्षी एक. पावसाने जुन्यांचे रंग उतरायचे, नव्या लाल दिसायच्या. एकदा आतून घेवर मिठाईचा डबा आला. तिने तो रस्त्यावरच्या गाईपुढे उघडला. "बहन को फाटक पर नहीं खिलाते," ती म्हणाली. पाहुणे हसले. पुढच्या वर्षी पाहुणे आलेच नाहीत. मला फार बरं वाटलं.

शेठजींनी हळूहळू सांगानेरच्या सगळ्या कारखान्यांची दारं तिला बंद केली. ती नणंदेच्या गावाला निघाली, त्याआधी आमच्याकडे आली. गाठोडं नव्हतं. तिने माझ्या हातावर एक राखी ठेवली.

"अंग्रेज़ी में तो तूने मुझे सगी बना दिया था, बिटिया. अब निभा."

म्हणजे त्या अर्जात काय लिहिलं होतं, ते तिला ठाऊक होतं. किती दिवसांपासून, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

राखीपौर्णिमेला मी सी-स्कीमला गेले. फाटकावर पाच राख्या होत्या. सहावी बांधली. मूठ वळली. माझी कड मऊ, लोखंड लागलं. धप्, धप्.

"कौन?"

आवाज फुटेना. मग फुटला, रस्त्यावरचे लोक वळून बघतील एवढा.

"सेठजी से कहो, सिस्टर आई है."