सोमवारची दलाली

कुठल्याही फ्लॅटमध्ये शिरले की माझे एजंट चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सोडायचे. "ताई, आधी पाणी बघा. रंग काय, कोणीपण मारतो." धारेखाली करंगळी धरून स्वतःशीच मान हलवायचे. एजंट तुम्हीही पाहिले असतील. बहुतेक जण आधी गॅलरी दाखवतात.

बदलापुरात त्यांनी मला नऊ फ्लॅट दाखवले आणि त्यातले पाच स्वतःच नापास केले. "इथे उन्हाळ्यात टँकर लागणार, चला." अशाने यांचा धंदा कसा चालतो, याचं मला कोडंच होतं. हेंद्रेपाड्यातला दहावा नळ मात्र असा जोरात सुटला की त्यांचा शर्ट भिजला. "हे डोळे झाकून घ्या," ते म्हणाले.

चार दिवसांनी घरमालकांचा मला परस्पर फोन आला. एजंट मध्ये नको, दोघांचीही दलाली वाचेल. मी हो म्हटलं. त्यानंतर महिनाभर एजंटचे फोन उचलले नाहीत.

नोंदणीच्या दिवशी ते कार्यालयाच्या जिन्यातच उभे होते. आवाज चढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"घर मी दाखवलंय. दलाली माझा हक्क आहे."

"तुम्ही कोण? आम्ही ओळखत नाही तुम्हाला," घरमालक म्हणाले.

एजंट माझ्याकडे पाहत राहिले. मी पर्समध्ये आधार कार्ड शोधायला लागले. ते माझ्या हातातच होतं.

आत वेगळीच पंचाईत झाली. माझी ओळख पटवायला दोन माणसं हवी होती. मैत्रीण आली होती, दीर आलेच नाहीत, आणि आमचा नंबर पुकारला गेला. क्लार्क म्हणाला, "दुसरं कोण ओळखतं यांना? नाहीतर बाजूला व्हा." भाड्याचं घर दोन दिवसांत सोडायचं होतं.

"मी ओळखतो ताईंना," मागून आवाज आला.

त्यांनी सही केली, अंगठा दिला, फोटोसाठी ताठ बसले. मग घरमालकांना हळूच म्हणाले, "आता कागदावर मी आहे, साहेब. आता म्हणा, ओळखत नाही." आणि मला म्हणाले, "सोमवारी येतो, दलाली तयार ठेवा."

कितीतरी सोमवार बेल वाजली की मी दचकायचे. पैसे पाकिटात घालून कपाटात ठेवले होते. ते आले नाहीत. मीही गेले नाही. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर पैसे वाचल्याचं बरंही वाटत होतं.

ज्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांचं टेबल असायचं, तिथे शेवटी एकदा विचारलं. "ते गेले की. तुमची नोंदणी झाली त्याच आठवड्यात. हार्ट अटॅक," दुकानदार म्हणाला.

पाकीट घेऊन मी उल्हासनगर कॅम्प एकमधल्या त्यांच्या खोलीवर गेले. दार त्यांच्या पत्नीने उघडलं.

"कोण? मी ओळखलं नाही."

"ते ओळखायचे मला," मी म्हणाले.

"बसा, पाणी आणते." त्यांनी मोरीतला नळ सोडला. दोऱ्याएवढी धार आली. पाकीट मांडीवर धरून मी बघत बसले. ग्लास भरायला खूप वेळ लागला.