सुमनच्या गाठीची जाळी

माझ्या बायकोला किडनीचा कॅन्सर होता. ती त्याने गेली नाही.

हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचताना लोक घाबरतात. मी तर लिहितानाही घाबरतो.

आज सुमनला जाऊन एक वर्ष झालं.

बऱ्याच वर्षांपूर्वी पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली आणि डाव्या किडनीत गाठ निघाली. ना दुखणं, ना लघवीतून रक्त. ऑपरेशन झालं. मग हॉस्पिटलातून फोन आला, "पॅथॉलॉजीच्या मॅडमना काकींना भेटायचंय."

पॅथॉलॉजीवाले कधी पेशंटला बोलावतात का? मी समजलो, संपलं.

दांडिया बाजारातल्या सगळ्या नातेवाइकांना कळवलं. मुलगी सुट्टी काढून पुण्याहून आली. रिक्षा भरभरून आम्ही लॅबच्या दारात.

मॅडम गुजराती. बघतच राहिल्या. "अरे काका, आटला बधा? इतके सगळे?"

मी म्हणालो, "जे काय असेल ते सगळ्यांसमोर सांगा."

मॅडम हसायलाच लागल्या. त्यांना फक्त परवानगी हवी होती. गाठ फार दुर्मीळ जातीची निघाली, विद्यार्थ्यांना शिकवायला तिचे फोटो वापरू का, एवढंच!

जातीचं नाव ट्युब्युलोसिस्टिक. मला अजून एका दमात म्हणता येत नाही. कापली की स्पंजासारखी दिसते म्हणे.

"अने काकी, हा कॅन्सर बहुतेक पुरुषांनाच होतो."

सुमन माझ्याकडे वळली. "बघा. तुमचाही मीच करून टाकला."

मी विचारलं, "पेशी वाईट आहेत का हो?"

"दिसायला रागीट, पण वागायला बहुतेक वेळा शांत."

"अगदी आमच्या सासूबाई," सुमन म्हणाली.

हसू ओसरल्यावर मॅडम म्हणाल्या, "पण क्वचित पसरतो. तपासणी चुकवायची नाही."

मग त्यांनी मायक्रोस्कोप दाखवला. पहिला डोळा सुमनचा.

"अगंबाई! माझ्या अनारशांना जन्मात कधी अशी जाळी पडली नाही."

मग रांगच लागली. मी कोपऱ्यात उभा.

"अहो, या ना. चावत नाही ती."

पाहिलं. गुलाबी कडांची लहानमोठी गोल भोकं, एकाला एक लागून. मला वाटलं होतं काहीतरी काळंकुट्ट असेल. ते सुंदर होतं. असं म्हणू नये, पण होतं.

खाली येऊन सगळ्यांनी शेव-उसळ खाल्ली. सुमनने वरची तिखट तरी दोनदा मागितली.

पुढे कितीतरी वर्षं तपासण्या झाल्या. आदल्या दिवसापासून मी जुने रिपोर्ट काढून पुन्हा पुन्हा वाचत बसायचो. ती मात्र ठेवणीतली साडी नेसून तयार. रिपोर्ट साफ आला की म्हणायची, "याही वेळी नाही आला बरं का तुमचा पाहुणा."

गेल्या वर्षी याच दिवशी दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. हृदय थांबलं.

डॉक्टरांना मी वेड्यासारखं विचारलं, "किडनीचं नाही ना काही?"

"ना काका. छेल्लो रिपोर्ट पण चोख्खो हतो."

शेवटचा रिपोर्टही साफच होता. मी रडत होतो. आणि त्यातच, खरं सांगतो, हसू आलं. ज्याला इतकी वर्षं घाबरलो, तो आलाच नाही.

सुमन, तुझ्याबरोबर घाबरत जगलो, पण काय मजेत जगलो गं.

नमस्कार तुला.