माणिकबाईंनी लावलेलं गवत

माणिकबाई कुठंही बसल्या की त्यांचा हात गवत शोधतो. लग्नाच्या मांडवात बसवा, नाहीतर दवाखान्याच्या ओट्यावर बसवा, पाच मिनिटांत बाजूला उपटलेल्या हराळीचा लहानसा ढीग तयार. गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला बसल्या तेव्हाही डोळे मिटलेले आणि उजवा हात फरशीच्या फटीत चाललेला. शेजारच्या बाईनं हटकलं तर म्हणाल्या, "हात मोकया राह्यला की मले कसंतरीच होते."

पन्नास वर्षं निंदण केलेली बाई ही. अंजनगाव सुर्जीजवळ तीन एकर काळं वावर. त्यात नवरा देवीदास वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि तण काढायचं काम माणिकबाईंकडे. एकदा पाथ, म्हणजे निंदायची ओळ, धरून बसल्या की दुसऱ्या टोकाला जाऊनच उठायच्या. त्यांच्या पाथीत कुंदा गवताची एक काडी सापडली तर दाखवा, अशी गावातल्या बायका पैज लावत. त्यांच्या लेखी जमिनीतून उगवणाऱ्या गोष्टींच्या जाती दोनच, पीक आणि गवत, आणि गवताला दयामाया दाखवायची नाही.

देवीदास गेले, त्याला दोन वर्षं झाली. वावर पुतण्याला करायला दिलं आणि मुलगा गोपाल त्यांना अमरावतीला घेऊन आला. गोपाल एसटीच्या डेपोत मेकॅनिक, सून रूपाली अकोटची, एका शाळेच्या ऑफिसात कामाला. शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये त्यांचं छोटंसं घर, आणि फाटकाच्या आत खाटेएवढी मोकळी माती. माणिकबाई आल्या त्या एक पिशवी लुगडी आणि तेलाच्या डब्यात लावलेलं सीताफळाचं रोप घेऊन. वावराच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या ज्या सीताफळाखाली त्यांनी नि देवीदासांनी जन्मभर दुपारची भाकर खाल्ली, त्याच झाडाच्या बीचं हे रोप. त्यांच्या मनात त्याची जागा कधीच ठरून गेली होती.

रूपालीच्या मनात दुसरंच होतं. एके संध्याकाळी जेवताना तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. जांभळट तुऱ्यांचं उंच गवत, वाऱ्यावर एका बाजूला कललेलं.

"फाउंटन ग्रास म्हणतात आई याले. नर्सरीत मिळते."

"इकत?" माणिकबाईंचा घास हातातच राहिला. "गवत इकत आनाचं?"

आणि त्या हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. गोपालही हसला, मग बायकोचं तोंड पाहून त्यानं वरणात लक्ष घातलं.

रूपालीनं नेटानं आपली बाजू मांडली. गवताला पाणी कमी लागतं. दोन महिन्यांत उभं राहतं. झाडाच्या मुळ्या उद्या भिंतीत शिरतील, पानांचा कचरा होईल, आणि पहिलं फळ दिसायला चार-पाच वर्षं जातील. माणिकबाईंकडेही उत्तरं होती. सीताफळ काही वड नाही, छाटलं की ऐकतं. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत. उन्हातान्हाचं खाली बसता येतं, पाखरं येतात.

"अन गवतानं का देल्लं आजवर कोनाले? कंबरदुखी देल्ली मले." मग त्यांनी शेजारी ठेवलेल्या डब्यावर मायेनं हात फिरवला. "अन हे झाड फयावर येईन तवर, पाहाय, खानारंई कोनी येईन घरात."

रूपाली उठली आणि ताटं गोळा करू लागली. बोलणं तिथंच राहिलं.

पुढच्या आठवड्यात माणिकबाई चार दिवस मोझरीला गेल्या. निघताना सुनेला म्हणाल्या, "तुह्या मनाले येईन ते लाव माय." सासूच्या तोंडचं असलं वाक्य जसंच्या तसं घ्यायचं नसतं. रूपालीनं घेतलं. शनिवारी ती नर्सरीतून गवताचे पाच ठोंब घेऊन आली, वीतवीत खड्डे खणून ओळीत लावले आणि हात धुवायच्या आधी कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत उभी राहिली.

माणिकबाई परतल्या तेव्हा अंधार पडला होता. सकाळी सगळ्यांच्या आधी उठल्या, दार उघडलं, आणि समोर पाहून कपाळाला हात लावला. चार दिवस घर सोडलं तर कुंदा माजला! फोटोतल्यासारखे तुरे त्याला नव्हते. तो ओळीत उभा आहे हे त्यांना दिसलं नाही असं नाही. शहरातलं गवतही शिस्तीत उगवत असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं. पदर खोचून बसल्या आणि पाचही ठोंब मुळापासून उपटून फाटकाबाहेर टाकले. माती हातानं सारखी केली. फार दिवसांनी मनासारखं काम झालं होतं.

दुधाच्या पिशव्या घ्यायला रूपाली बाहेर आली तेव्हा फाटकापाशी एक गाय शांतपणे रवंथ करत होती. दोन ठोंब तिच्या पोटात गेले होते. रूपालीनं धावत जाऊन तिला हाकललं, उरलेले तीन उचलले आणि मातीसकट मांडीवर घेऊन पायरीवर बसली. तिच्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या.

माणिकबाईंना आता कळलं आपण काय उपटलं. पण रडणं काही कळेना. "काहून वं माय? गवतासाठी रडून राह्यली?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले, एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्या. दुसऱ्या वेळी माणिकबाई गावाहून येऊन पंधरा दिवस सुनेच्या उशाशी बसल्या होत्या. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही, त्यांनी तिला कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्या गोष्टीचा त्यांना मनातून अभिमान होता.

"तुमी कधी नाई इचारलं आई," रूपाली म्हणाली. "पण बाकी सगळे इचारतात. या फाटकात उभे राहून इचारतात. झाड लावलं की त्यालेही तेच इचारतीन. औंदा आलं का? काहून नाई आलं? कोणाले दाखवलं का? मले रोज ते ऐकू येईन. म्हणून मले असं काही पाहिजे होतं, ज्याले कोणी काही मागत नाई. नुसतं उभं राहिलं, डोललं, तरी झालं." मग ती हळूच म्हणाली, "अन त्या दिवशी तुमीबी म्हणलं."

माणिकबाईंना डब्यावर फिरवलेला आपला हात आठवला. आपण मायेनंच बोललो होतो, हे आठवून त्यांना जास्त लागलं. चुकलं असं तोंडानं म्हणायची सवय त्यांच्या पिढीला नाही. त्या उठल्या, आतून खुरपं आणि बादलीभर पाणी घेऊन आल्या आणि सुनेच्या मांडीवरचा एक ठोंब उचलून उलटापालटा करून पाहिला.

"मुया शाबूत हायेत. हे पाय, याचे दोन होतात, अन याचे बी." खुरप्याच्या पात्यानं त्यांनी ठोंब फोडले. तिनाचे पुन्हा पाच झाले. "रडू नको माय. गवत असं मरते का? पन्नास वर्सं झाली म्या मारून राह्यली, मेलं का ते?"

रूपालीला रडता रडता हसू फुटलं.

"सांग आता, कुठं कुठं लावू?"

आयुष्यात पहिल्यांदाच माणिकबाईंनी आपल्या हातानं गवत लावलं. बुडाची माती दाबताना त्यांचा अंगठा जरा अडखळला, पण दाबली.

सीताफळाच्या मुळ्या तोवर डब्याच्या भोकांतून बाहेर आल्या होत्या. रविवारी गोपालला घेऊन त्यांनी ते रोप लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये, सगळ्यांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत लावलं, घरापासून दीडशे पावलांवर. डबा कापताना त्यांना भरून आलं. फाटकात लावलं असतं तर खिडकीतून दिसलं असतं. आता रोज संध्याकाळी तांब्या घेऊन तिथवर जातात, रोपापाशी जरा बसतात, आणि अर्थातच आजूबाजूचं निंदून येतात.

दिवाळी झाली आणि फाटकातल्या गवताला तुरे आले. बारीक, जांभळट, मऊ. त्या संध्याकाळी रूपाली स्कूटीवरून आली तेव्हा शेजारच्या सुंदराबाई फाटकाला टेकून उभ्या होत्या. रस्त्याकडे पाठ होती, बोलण्याच्या नादात त्यांना ती आल्याचं कळलं नाही.

"एवढी जागा, माणिकबाई, अन ढोरायचा चारा लावला! एखांदं फयझाड लावाचं ना. तुमच्या घरात तं गरजच हाय त्याची."

रूपालीचा हात स्कूटीच्या किल्लीवरच राहिला.

"फय पायजे असन तं ओपन स्पेसमंदी सीताफय लावलं म्या," माणिकबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "तिकडं जाजा अन त्याले इचारजा कवा येते म्हनून. या फाटकात कोनी कोनाले काई इचाराचं नाई."

सुंदराबाई वळल्या, रूपालीला पाहून ओशाळल्या आणि काहीतरी गॅसवर ठेवल्याचं सांगून गेल्या.

माणिकबाईंनी सवयीनं एक तुरा चिमटीत धरला आणि कणीस पाहावं तसा तळहातावर चोळून पाहिला.

"आई, त्यात दाणा नाई भरत," रूपाली म्हणाली.

"न भरो," माणिकबाई म्हणाल्या. "असंच चांगलं हाय."

तुरा सोडून त्या खाली बसल्या. गवताच्या बुडाशी हराळी दिसली होती. ती त्या एकेक काडी वेचून काढू लागल्या, पिकातली काढावी तशी. रूपालीनं पर्स पायरीवर ठेवली आणि दुसऱ्या टोकाकडून पाथ धरली.