केकवर ठेवलेला तवा

चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावातून निघालो, तेव्हा मालाच्या ऑटोत अठ्ठावीस नग होते. मी यादी घेऊन एकेकावर खूण करत होते. दारात उभ्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "काहून एवढं लिहून रायली वो? अमरावतीलेच चालली ना, का लंकेले?" गावातली शाळा सातवीपर्यंतच. म्हणून माझी मुलगी मुक्ता आणि मी अमरावतीला, तिचे बाबा आणि आत्याबाई शेतावर, असं ठरलं होतं.

माझ्यासारखे जे निघाले त्यांना पुढचं ठाऊक आहे. जे मागे राहिले त्यांच्यासाठी लिहिते. शहरात खोली मिळते, गॅस मिळतो, दूधवाला लागतो. दिवाळीपर्यंत माझी सगळी कामं झाली होती. मुक्ताचं मन मात्र लागलं नव्हतं. वर्गातल्या मुली पहिलीपासून एकत्र. ही मधल्या सुट्टीत एकटी डबा खायची आणि शनिवार आला की गावी जायला बॅग भरून बसायची. तिचे बाबा फोनवर म्हणाले, "नसन करमत त आणून सोड तिले. तालुक्याच्या शाळेत जाईन." मी नाही म्हटलं, पण पूर्वीइतक्या जोरानं नाही.

जानेवारीत तिचा वाढदिवस आला. तिनं पहिल्यांदाच तीन मुलींना घरी बोलावलं आणि वर सांगून आली, की माझी आई घरीच चॉकलेट केक करते. मी तोवर एकही केला नव्हता. घरात ओव्हन नव्हता. हा बेत फसला तर ती पुन्हा कुणाला घरी या म्हणणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मैदा, कोको, पिठीसाखर, तेल, दूध, दही, खायचा सोडा. मोबाइलवर बघून कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाशी मीठ पसरलं, वर स्टँड, त्यावर मिश्रणाचा डबा. पाऊण तासानं बघते तर खाली कोळसा आणि वर चिखल. मी कागदावर कारणं लिहायला बसले: आच जास्त, डबा लहान, सोडा जुना.

आत्याबाई सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "वरतून इस्तो कुठं हाये त्याले? रोडगे का नुसते खालून भाजते तू?"

मी पेन खाली ठेवलं. पंधरा वर्षं शेतातल्या देवाच्या जेवणाला मी रोडगे केले होते. कणकेचे गोळे, खाली गोवऱ्यांचे निखारे, वरही निखारे. पन्नास माणसांचे रोडगे मी एकटीनं भाजत असे. पण केक ही शहरातली गोष्ट, म्हणून आपल्याला त्यातलं काही येत नाही असं मी धरून चालले होते.

मुली यायला दोन तास होते. कुकर बाजूला केला. पुन्हा मिश्रण कालवलं, जाड जर्मनच्या पातेल्यात डबा ठेवला, पातेल्यावर सपाट ताट झाकलं आणि ताटावर तापवलेला तवा ठेवला. दुसरा तवा शेजारच्या शेगडीवर. वरचा निवला की बदलायचा. मी घड्याळ बघत होते. "घड्याळ काय सांगते? वास येऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. वास आला, तेव्हा झाकण काढलं. केक फुगला होता आणि वर रोडग्यासारखी भेग पडली होती.

मुली आल्या. एकीनं विचारलं, "काकू, ओव्हन कुठे आहे?" मी उत्तर जुळवतच होते, तोवर मुक्ता उठली. सांडशीनं तवा उचलून दाखवला. "हा आमच्या आजीचा ओव्हन. खाली इस्तो, वर इस्तो." इतकं लांब वाक्य ती या घरात कितीतरी दिवसांनी बोलली होती. मग तिघींना तवा उचलून बघायचा होता. आत्याबाईंनी दटावलं, "आंदी खा वो पोरींनो, मंग इंजिनेरी करा." डब्यात चुराही उरला नाही. मुली अंधार पडेपर्यंत बसल्या. त्या शनिवारी बॅग कपाटावरच राहिली.

मुक्ता आता अकोल्याला शेतीचं शिक्षण घेते, खोली करून राहते. जाऊन पंधरा दिवस झाले तेव्हा मी फोन केला, की रविवारी अमरावतीला ये, बाबाही येताहेत. ती म्हणाली, "या रविवारी नाही जमत आई. माझ्याकडे वर्गातल्या पोरी जेवायला येऊन राहिल्या."

मिनिटभर वाईट वाटलं. मग मी तिच्या बाबांना फोन लावला आणि आधी हेच सांगितलं, की तिच्याकडे पोरी येताहेत. शेतावरचं घर आपलं आहेच, ते कुठं जात नाही. पण नव्या गावात 'माझ्याकडे या' असं कुणाला म्हणता आलं, की तिथंही घर झालं, असं मी मानते. आम्हाला अमरावतीत त्याला सहा महिने लागले. माझ्या पोरीनं पंधरा दिवसांत केलं.