ऊन तिसऱ्या पोफळीला लागेपर्यंत

भागीबायने माझ्या रडण्याची वेळ ठरवून दिली होती. सकाळी उठल्यापासून ऊन तिसऱ्या पोफळीच्या बुंध्याला लागेपर्यंत. "तवर पोटभर रडा वैनी, मी मधी येनार न्हाय. मंग तोंड धुवा नि कामाला लागा." एवढं सांगून ती खरोखरच पाठ फिरवून भांडी घासत बसे. कुणी समजूत घालत नाही म्हटल्यावर मला धड रडताही येईना, आणि त्याचाच जास्त राग येई.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांची गोष्ट. आजारी आईसाठी मी म्हसळ्याला पंधरा दिवस राहिले आणि श्रीवर्धनला परतले ती अंगात ताप घेऊन. तोंडावरचं पुरळ पाहून सासूबाईंनी मला अंगणातच थांबवलं. दोन वर्षांची नलू माझ्याकडे धावत निघाली होती, तिला त्यांनी मधेच उचललं. तिला अजून देवी टोचल्या नव्हत्या; टोचणाऱ्याची फेरी गावात व्हायची होती. संध्याकाळच्या आत माझी रवानगी घरामागच्या वाडीच्या टोकाला, रहाटामागच्या खोपीत झाली. शेवटची खपली पडेपर्यंत तिथेच राहायचं ठरलं.

सोबतीला आली आमच्या वाडीत सुपारी सोलणारी भागीबाय. तिचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. एकदा देवी येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, म्हणून गावात कुणाला देवी आल्या की बोलावणं हिलाच जाई.

ताप उतरला तशी मी जास्तच बिघडले. अंगात शक्ती नाही आणि एका जागी बसवत नाही. खोपीच्या दारापासून रहाटापर्यंत बारा पावलं होती, ती मी दिवसभर मोजायचे. घरातले आवाज ऐकू यायचे, घर मात्र दिसायचं नाही. भांडं पडलं, कुत्रं भुंकलं, सगळ्याचा संबंध मी नलूशी लावायचे. भागीबाय म्हणायची, "पिंजऱ्यातला वाघ परवडला. तो निदान बोलत तरी न्हाय."

एके दिवशी तिने काथ्याचा भारा माझ्यापुढे टाकला. नलूच्या झोक्याला सुंभ वळायचा, म्हणाली. माझा पहिला सुंभ कुठे बोटाएवढा जाड, तर कुठे सुतळीसारखा. तिने तो उकलून माझ्या हातात परत दिला. "ह्याच्यावर पोर बसनार हाय. बकरी न्हाय बांधायची." मग मलाही ईर्षा चढली. नलू बसली आणि तुटला तर, या धास्तीने मीच माझं वळलेलं पुन्हा पुन्हा उकलू लागले. हात चालू असले की पावलं थांबत. भागीबाय समोर बसून वाडीतल्या बायकांच्या नकला करी, त्यांत माझ्या सासूबाईही असत, आणि मला हसू फुटे. लेकीपासून तुटलेली आई हसते कशी, म्हणून मागाहून लाजही वाटे. तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "हसलात म्हनून पोर काय लांब जानार हाय?"

तळपायाच्या खपल्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्या दुपारी नलू रडायला लागली ती थांबेचना. 'आई, आई' स्पष्ट ऐकू येत होतं. हातातला सुंभ टाकून मी उठले आणि निम्मी वाडी ओलांडली. भागीबाय आडवी आली. मला नेहमी अहोजाहो करणारी ती बाई एकेरीवर आली होती.

"माझा गण्याबी असाच रडत व्हता. मला ऱ्हावलं न्हाय. गेले नि कडेवर घेतला. त्याला देवी आल्या तवा माझ्या खपल्या पुऱ्या पडल्याबी नव्हत्या. बस खाली."

मी तिथेच मातीत बसले. तीही बसली. नलूचं रडणं थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो. गण्याचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही.

शेवटची खपली पडली त्या सकाळी तिने मला कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं, आणि माझं अंथरूण, लुगडी, सगळं पेटवलं. त्यावर तिने सुंभाचं वेटोळंही ठेवलं. मी हात धरला, तर म्हणाली, इथलं काही घरात न्यायचं नाही.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"व्हय. झोक्यासाठी नव्हताच त्यो. तुमाला बांधून ठेवायला व्हता."

मी इतकी चिडले की तिच्याकडे न बघता जाळाकडे बघत बसले. सुंभ जळाला तरी राखेत पीळ तसाच दिसत होता. तिने काठीने तो मला दाखवला आणि म्हणाली, "बगा, तुमच्यावानीच हाय."

चार दिवसांनी ती स्वतः वळलेला सुंभ घेऊन आली आणि पडवीत नलूचा झोका टांगून गेली. माझ्या वणांना बुजणारी नलू 'झोका दे' म्हणत पहिल्यांदा माझ्याकडे आली ती त्या दिवशी.

नलू शाळेत जायला लागली त्या वर्षी भागीबाय गेली. निरोप संध्याकाळी आला, तेव्हा मी चूल पेटवत होते. तिची शिस्त आठवून मी सगळ्यांना वाढलं, झाकपाक केली, रडले नाही. सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले. ऊन पायरीपासूनच्या तिसऱ्या पोफळीला लागलं, बुंध्यावरून उतरून खाली आळ्यातल्या पाण्यावर आलं. तोंड धुवायला मात्र मी उठले नाही.